परतीची तारीख बदलायची, तर खिसा रिकामा का व्हावा?

डिसेंबर २०२५

रमजानच्या आधीचे महिने. म्हणजे उमराहची तिकिटं काढायचे दिवस. आखातात नोकरी करणारी आपली मुलंही ईदला घरी यायचं बुकिंग तेव्हाच करून ठेवतात. तिकीट काढताना आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, "कितीला पडलं?" दुसरा प्रश्न फार कमी घरांत विचारला जातो. परत यायची तारीख बदलावी लागली तर काय?

आमच्या ओळखीतल्या, रायगड जिल्ह्यातल्या एका कुटुंबाला हा प्रश्न मक्केत असताना पडला. पंधरा दिवसांच्या उमराहला नवरा-बायको गेले होते. सहाव्या दिवशी गावाहून फोन आला, धाकटा भाऊ गेला. जनाजा त्याच दिवशी असरनंतर. तिथवर पोहोचणं शक्यच नव्हतं. पण मागे भावाची बायको, तीन लहान मुलं आणि अंथरुणाला खिळलेली आई. निदान दोन दिवसांत घरी पोहोचावं, एवढीच इच्छा होती. टूरवाल्याला फोन केला. उत्तर आलं, "चाचा, ग्रुपचं तिकीट आहे, बदलत नाही. जायचंच असेल तर नवीन काढा." मुलाने मुंबईत बसून मोबाइलवर दोन नवी तिकिटं काढली. परतीच्या त्या दोन तिकिटांना जाण्या-येण्याच्या मूळ तिकिटांपेक्षा जास्त पैसे गेले. जुन्या सीटा रिकाम्या उडाल्या. त्या रद्द करून काही रक्कम परत मागायची असते, हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

अशा गोष्टी आपल्याकडे नशिबावर ढकलल्या जातात. मौत अल्लाहच्या हातात आहे, पण तिकिटाच्या अटी माणसांनीच लिहिलेल्या असतात. त्या वाचता येतात आणि बदलूनही घेता येतात.

नियम काय देतात?

विमान तिकिटाच्या परताव्याचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए ठरवतं. या नियमांतल्या तीन गोष्टी प्रत्येक घराला माहीत हव्यात.

पहिली, २०२५ मध्ये असलेली २४ तासांची सवलत. तिकीट काढल्यापासून २४ तासांत ते रद्द केलं किंवा तारीख बदलली, तर विमान कंपनीने दंड घ्यायचा नव्हता. नव्या तारखेचं भाडं जास्त असेल तर तेवढा फरक मात्र भरावा लागे. अट अशी होती की, बुकिंगच्या दिवसापासून प्रवास किमान सात दिवस लांब हवा. एजंटची किंवा पोर्टलची स्वतःची फी वेगळी असते, म्हणून ही सवलत खरी उपयोगी पडते ती कंपनीच्या वेबसाइटवर थेट काढलेल्या तिकिटाला.

दुसरी, 'नॉन-रिफंडेबल' म्हणजे सगळे पैसे बुडाले असं नव्हे. रद्द करण्याचा दंड मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त असू शकत नाही. सरकारी कर आणि विमानतळाची वापर फी परत द्यावी लागते, मग तिकीट सवलतीचं असो की प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नसो. आंतरराष्ट्रीय तिकिटात ही रक्कम किरकोळ नसते. वरच्या कुटुंबाने तीही मागितली नाही.

तिसरी, परताव्याऐवजी कंपनीच्या खात्यात पैसे ठेवायचे, म्हणजे 'क्रेडिट शेल' घ्यायचं, की नाही हे प्रवासी ठरवणार. कंपनीने ते गळ्यात मारायचं नाही.

मग यात बदल सुचवला गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने नवा मसुदा जाहीर केला. त्यात २४ तासांचे ४८ तास करण्याचा प्रस्ताव होता. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच राहील आणि तो २१ कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागेल, असंही त्यात होतं. तोवर ही मुदत ३० कामकाजाच्या दिवसांची होती. हरकती-सूचनांची मुदत ३० नोव्हेंबरला संपली.

मसुदा चांगला, पण आपल्या घरापर्यंत पोहोचतो का?

४८ तास ऐकायला बरे वाटतात, पण बारीक अक्षरं वाचा. मसुद्यानुसार ही सवलत देशांतर्गत प्रवास पाच दिवसांहून जवळ असेल तर मिळणार नाही आणि आंतरराष्ट्रीय प्रवास पंधरा दिवसांहून जवळ असेल तर मिळणार नाही. २०२५ मध्ये सात दिवसांची अट होती, ती मसुद्यात परदेश प्रवासाला पंधरावर जाते. घाईत तिकीट कोण काढतं? ज्याच्या घरी आजारपण आहे, मय्यत आहे, ज्याची सुट्टी शेवटच्या क्षणी मंजूर झाली आहे तो. म्हणजे सवलत निवांत माणसाला आणि अडचणीतला माणूस बाहेर.

दुसरी गोष्ट. प्रवाशाच्या आजारपणामुळे तिकीट रद्द झालं तर कंपन्या परतावा किंवा क्रेडिट शेल 'देऊ शकतील' असं मसुदा म्हणतो. 'देऊ शकतील' आणि 'द्यावाच लागेल' यांत किती अंतर आहे, ते काउंटरवर हात जोडून उभं राहिलेल्यालाच कळतं.

तिसरी गोष्ट परदेशी कंपन्यांची. आपले कितीतरी लोक जेद्दाह, रियाध, दुबई, कुवेत, दोहा इथे तिथल्याच कंपन्यांच्या विमानाने जातात. परतावा कुठल्या मार्गाने द्यायचा हे भारतीय नियम सांगतो, पण किती द्यायचा यासाठी परदेशी कंपनीला तिच्या देशाचा नियम लागू होतो.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. हे नियम बोलतात ते मुख्यतः बुकिंगनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांबद्दल आणि रद्द केल्यावरच्या परताव्याबद्दल. आयुष्य बदलतं ते नंतर, प्रवास निम्मा झाल्यावर. तेव्हा परतीची तारीख अलीकडे आणायचा दंड किती असावा, यावर कंपनीच्या अटीच चालतात.

सरकारला हे करता येत नाही असंही नाही. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमानं मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा केंद्राने आदेश काढला की ७ डिसेंबरला रात्री आठपर्यंत परतावे पूर्ण करा आणि अडकलेल्या प्रवाशांकडून तारीख बदलण्याची फी घेऊ नका. चूक कंपनीची होती म्हणून हा आदेश निघाला, हे खरं. पण इच्छा असेल तर ती फी शून्य होऊ शकते, हे देशाने पाहिलं. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होणं, यासाठी कागदपत्रं दाखवल्यावर तारीख बदलण्याच्या फीवर मर्यादा घालायला काय हरकत आहे? नियमात ही तरतूद बंधनकारक असायला हवी, असं आमचं मत आहे.

तारीख बदलायचे पैसे कुठून येतात?

यात दोन वेगळी बिलं असतात आणि लोक दोन्ही एकच समजतात. एक बदलाची फी, ती ठरलेली असते. दुसरा भाड्यातला फरक, तो दर दिवशी वेगळा. एकाच विमानात इकॉनॉमीच्या सीटा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकल्या जातात. तुम्ही स्वस्त गटातलं तिकीट घेतलं होतं आणि नव्या तारखेला त्या गटातली सीट शिल्लक नसेल, तर फरक भरावा लागतो. बहुतेक वेळा कंबरडं मोडतं ते या फरकाने.

म्हणून फोनवर "उद्याचं करून द्या" एवढंच म्हणू नका. असं विचारा, "माझ्याच क्लासमधली सीट सगळ्यांत आधी कोणत्या तारखेला आहे?" कधी कधी एक दिवस पुढे-मागे केलं, किंवा मुंबईऐवजी हैदराबादला उतरायची तयारी दाखवली, तर फरक बराच कमी होतो. मराठवाड्यातल्या काही कुटुंबांना तर हैदराबाद तसंही जवळ पडतं.

मग हिशेब मांडा. समजा, बदलाची फी ४,००० आणि फरक १२,००० सांगितला, तर झाले १६,०००. त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचं एकेरी तिकीट १३,००० ला मिळत असेल तर ते घ्या. पण जुनी परत तिकिटाची बाजू विमान सुटण्याआधी रद्द करा आणि करांचा परतावा मागा. विमान सुटून गेल्यावर 'नो-शो'चा शिक्का बसला की तारीख बदलायचा हक्कही जातो किंवा वर आणखी दंड लागतो. अडचण आली की पहिला फोन कंपनीला, तोही विमान सुटायच्या आत.

उलट चूकही होते. काही जण जाण्याची बाजू वापरत नाहीत, दुसऱ्या विमानाने जातात आणि जुन्या तिकिटाची परतीची बाजू वापरू म्हणतात. एकाच तिकिटावरच्या बाजू क्रमाने वापराव्या लागतात. पहिली चुकवली की परतीची बहुतेक वेळा आपोआप रद्द होते.

कंपनीने स्वतः वेळ किंवा तारीख बदलली असेल, तर डाव तुमच्या हातात येतो. असा मेसेज आला की लगेच 'स्वीकार' दाबू नका. अशा वेळी दंड न घेता दुसरं विमान किंवा परतावा मागता येतो. ज्यांना तारीख तशीही बदलायची होती, त्यांच्यासाठी ही संधी असते.

उमराह आणि आखात: आपली खास अडचण

उमराहच्या पॅकेजमधली तिकिटं बहुतेक ग्रुपची असतात. एजंट सीटांचा गठ्ठा आगाऊ घेतो, म्हणून स्वस्त पडतं. त्याची किंमत म्हणजे एकट्याला तारीख बदलता येत नाही, किंवा आली तरी सगळं एजंटच्या हातात. घरी वयोवृद्ध आजारी असतील, सुनेचे दिवस भरत आले असतील, तर तारीख बदलता येणारं तिकीट वेगळं काढा आणि हॉटेल-व्हिसा एजंटकडून घ्या. आधी थोडे जास्त जातात, पण नंतर झोप लागते. परतीची तारीख पुढे ढकलायची असेल तर आधी व्हिसाची मुदत पाहा. मुदत उलटून सौदीत राहिलात तर दंड तिकिटापेक्षा कितीतरी भारी पडेल.

उमराहच्या व्हिसासोबत येणारा विमा मुख्यतः तिथल्या आजारपणासाठी असतो. घरी मय्यत झाली म्हणून लवकर परतण्याचा खर्च त्यातून मिळेल असं धरून चालू नका. वेगळ्या प्रवास विम्यात 'प्रवास अर्धवट सोडावा लागणे' हे कलम असतं. घ्यायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा आणि उलेमांना विचारण्याचा प्रश्न, पण घेतला तर ते कलम आहे का ते वाचा.

ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का आहे आणि जे नोकरीसाठी आखातात जातात, त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. कामगाराचा दोष नसताना नोकरी सुटली किंवा तो वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला, तर ठरावीक अटींवर परतीच्या विमानभाड्याची तरतूद त्यात आहे. कितीतरी घरांत ही पॉलिसी कपाटात पडून असते, कुणी उघडून पाहत नाही.

पैसे अडवले तर?

"कंपनीने दिले नाहीत" असं एजंट म्हणतो, "एजंटला दिले" असं कंपनी म्हणते. लॉकडाऊनमधल्या रद्द तिकिटांवर १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा एजंटमार्फत काढलेल्या तिकिटांचे पैसेही प्रवाशापर्यंत पोहोचलेच पाहिजेत अशी व्यवस्था घालून दिली होती. म्हणून या दोघांच्या वादात दमून गप्प बसू नका. आधी कंपनीला ईमेल करा. मग केंद्राच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. मुंबईला खेपा घालायची गरज नाही.

पण तक्रार टिकते ती कागदावर. आणि इथे आमचा रोख आपल्याच लोकांकडे आहे. आपले बरेच टूरवाले ओळखीचे, नात्यातले, मशिदीत बाजूला नमाज पढणारे. म्हणून सगळं तोंडी चालतं. कुरआनातली सगळ्यांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते, हे आपण बयानात ऐकतो आणि पन्नास-साठ हजारांचं पॅकेज मात्र व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवर घेतो. लिहून मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. पैसे देण्याआधी चार ओळी लिहून घ्या: तिकीट ग्रुपचं की वेगळं, तारीख बदलायची फी किती, रद्द केल्यास परत किती, आणि पीएनआर नंबर कधी मिळणार.

गावोगावच्या जमातींनी आणि उमराहचे कॅम्प घेणाऱ्या संस्थांनी हा चार ओळींचा कागद छापून ठेवला तर फार खर्च येणार नाही. एहराम कसा बांधायचा हे आपण शिकवतोच. घरून वाईट फोन आला तर परत कसं यायचं, हेही त्याच कॅम्पमध्ये पंधरा मिनिटांत सांगता येईल.

अल्लाह सगळ्यांना खैरियतने नेवो आणि खैरियतने आणो. पण तिकीट काढाल तेव्हा "कितीला पडलं?" याच्यासोबत दुसरा प्रश्नही विचारा.