विश्लेषण : आजोबांना वयामुळे आरोग्य कार्ड, मग नातवाला का नाही?

महाराष्ट्रातील शिधापत्रिकाधारक कुटुंबाला आज वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोफत उपचारांचे संरक्षण आहे. कागदावर पाहिले तर त्यात त्या घरातले प्रत्येक मूलही आले. पण बाळ जन्मले म्हणून ते आपोआप योजनेत येत नाही. आलेच, तरी त्याचा आजार रुग्णालयात दाखल होण्याइतका वाढेपर्यंत योजना त्याच्याकडे फारशी पाहत नाही. ७० वर्षांवरील ज्येष्ठांना केवळ वयाच्या आधारे संरक्षण देणाऱ्या सरकारने तोच निकष मुलांना का लावू नये, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

मुलांना सध्या कोणते संरक्षण आहे?

राज्यात दोन योजना एकत्र चालतात. एक राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिचे मूळ २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत आहे. दुसरी केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना. ती सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. फुले योजनेची मर्यादा पूर्वी कुटुंबामागे दीड लाख रुपये होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पाच लाखांवर नेली आणि पिवळ्या, केशरी कार्डांबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही योजनेत घेतले.

केंद्राच्या योजनेत कुटुंबातील सदस्यसंख्येला किंवा वयाला मर्यादा नाही. तिच्या आधीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत पाचच सदस्य आणि ३० हजार रुपये अशी अट होती. त्या तुलनेत ही मोठी सुधारणा आहे, यात शंका नाही. हृदयाची शस्त्रक्रिया, रक्ताच्या कर्करोगावरील केमोथेरपी, नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग हे उपचार गरीब कुटुंबाच्या आवाक्यात आले ते या योजनांमुळेच.

मग मूल बाहेर कसे राहते?

योजनेचे एकक कुटुंब आहे, मूल नाही. केंद्राच्या योजनेची मूळ यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणनेवर आधारलेली आहे. आज शाळेत जाणारी बहुतेक मुले त्या वेळी जन्मलीच नव्हती. नवे सदस्य यादीत जोडण्याची सोय आहे, पण त्यासाठी नाते सिद्ध करावे लागते आणि प्रत्येक सदस्याचे कार्ड वेगळे काढावे लागते.

राज्याच्या योजनेचा आधार शिधापत्रिका. तिच्यात बाळाचे नाव चढवायला तहसील किंवा शिधावाटप कार्यालयात अर्ज करावा लागतो. रोजंदारीवर जगणारे कुटुंब त्या कामासाठी मजुरी बुडवायला सहसा तयार नसते. शाळाप्रवेश जवळ आला की मग दाखला, आधार, शिधापत्रिका यांची जुळवाजुळव सुरू होते. आजार मात्र शाळाप्रवेशापर्यंत थांबत नाही.

ज्या बाळाचे नाव शिधापत्रिकेत नाही, त्याच्यासाठी फुले योजनेत पळवाट नव्हे तर रीतसर तरतूद आहे : बाळाचा जन्मदाखला, आई किंवा वडिलांसोबतचे छायाचित्र आणि पालकांची शिधापत्रिका. पण ही तरतूद किती पालकांना ठाऊक असते? ती कळते ती रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलापुढे उभे राहिल्यावर. जे कुटुंब ‘कार्डावर बाळाचे नाव नाही’ म्हणून घरीच थांबले, त्याला ती कळतच नाही.

उशीर झाला तर काय बिघडते?

मोठ्या माणसाचा गुडघा सहा महिने उशिरा बदलला तर वेदना वाढतात. बाळाच्या बाबतीत सहा महिन्यांत उपचाराची वेळच निघून जाऊ शकते. दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते १० बालकांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधले छिद्र मोठे असेल आणि ते वेळेत बंद केले नाही, तर फुप्फुसांतील रक्तदाब वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर शस्त्रक्रियाच करता येत नाही.

मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. दोष आढळला तर उपचाराला दिवसच हाती असतात. ती मुदत हुकली तर मूल कायमचे आंधळे होऊ शकते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला पहिल्या काही वर्षांत आवाज मिळाला नाही तर भाषा शिकणे अवघड होत जाते. अशा मुलांसाठी पाच लाखांची मर्यादा दहा लाख केली तरी उपयोग नाही. त्यांची गरज वेळेची आहे.

शाळा-अंगणवाडीतील तपासणीने हे साधत नाही का?

साधायला हवे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरमधून झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात दोष, आजार, पोषणाची कमतरता आणि वाढीतील विलंब अशा सुमारे ३० स्थिती त्यात तपासल्या जातात. फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत.

अडते ते सांध्यावर. तपासणी एका कार्यक्रमाची आणि विमा दुसऱ्या योजनेचा. पथकाने ‘हृदयात दोष असावा’ असे लिहून चिठ्ठी दिली की पुढचा प्रवास बहुतांशी पालकांच्या पायांवर. टूडी इको कुठे होईल, शस्त्रक्रिया कोणत्या अंगीकृत रुग्णालयात, कागद कोणते, पूर्वमंजुरीला किती दिवस, हे सारे त्यांनीच शोधायचे. पथकातले अनेक जण फोन करून पाठपुरावा करतात, पण तो त्यांच्या तळमळीचा भाग झाला. पालकांना तो हक्काने मागता येत नाही.

त्यात स्थलांतरित कुटुंबांची मुले आणखी मागे पडतात. बीडमधले ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तपासणीचे पथक अंगणवाडीत आले तेव्हा मूल फडावर असेल, तर त्याची तपासणी हुकली.

दवाखान्यात दाखल न होणाऱ्या मुलाचे काय?

या योजनांचा मुख्य रोख रुग्णालयातील खाटेवर आहे. बालकांचे अनेक आजार मात्र खाटेशिवाय चालतात. जन्मतः वळलेल्या पावलावर दर आठवड्याला प्लास्टर बदलत उपचार होतात आणि पुढे चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत ठरावीक वेळ विशेष बूट घालावे लागतात. टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलाला रोज इन्सुलिन आणि रक्तशर्करा तपासायच्या पट्ट्या लागतात. अपस्माराच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालतात. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटनंतर वाचा-उपचार झाले नाहीत, तर यंत्र असूनही मूल बोलत नाही.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. हा निर्णय स्वागतार्ह होता, पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात नाहीत. गुंतागुंतीचे बालरुग्ण नेमके तिथेच पाठवले जातात.

प्रवासाचाही प्रश्न आहे. बालहृदयरोग किंवा बालकर्करोगाचे तज्ज्ञ प्रामुख्याने मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत. रक्ताच्या कर्करोगावरील उपचार दोन-तीन वर्षे चालतात. फुले योजनेत घरी सोडताना एकदा प्रवासभाडे मिळते. पण गडचिरोली किंवा नंदुरबारहून आलेल्या आईवडिलांची बुडालेली मजुरी, खोलीचे भाडे, घरी राहिलेल्या भावंडांची सोय हा हिशेब कुठल्याही पॅकेजमध्ये नसतो. उपचार मध्येच सोडून गावी परतणाऱ्या कुटुंबांना दोष देण्याआधी हा हिशेब मांडायला हवा.

इतर देशांनी काय केले?

व्हिएतनाममध्ये सहा वर्षांखालील मुलांना आरोग्य विम्याचे कार्ड सरकारतर्फे मोफत मिळते. जन्मनोंदणी आणि विमा कार्ड यांची प्रक्रियाही एकमेकींना जोडलेली आहे. बाळाचे नाव सरकारी नोंदीत आले की विम्याची वाट खुली होते.

अमेरिकेत गरीब मुलांसाठीच्या मेडिकेडमध्ये १९६७ पासून एक तत्त्व आहे : ठरावीक काळाने तपासणी करायची आणि तपासणीत जे सापडेल त्यावरचा आवश्यक उपचारही योजनेनेच द्यायचा. मेडिकेडसाठी उत्पन्न थोडे जास्त, पण खासगी विमा परवडत नाही अशा कुटुंबांतल्या मुलांसाठी तिथे १९९७ मध्ये वेगळा कार्यक्रम आला. तिथेही सारे आलबेल नाही. करोनाकाळातील संरक्षण संपल्यावर २०२३ पासून लाखो मुले मेडिकेडबाहेर गेली, त्यातली अनेक केवळ कागदपत्रे वेळेत न भरल्यामुळे. जानेवारी २०२४ पासून मात्र एकदा पात्र ठरलेल्या मुलाचे संरक्षण १२ महिने टिकवणे तिथल्या सर्व राज्यांना बंधनकारक झाले. श्रीमंत देशातही मूल कागदांमुळेच गळते, एवढा धडा आपल्याला पुरेसा आहे.

खर्चाचे काय?

‘आणखी एक योजना कशाला, आधी डॉक्टर आणा,’ हा आक्षेप रास्त आहे. बालतज्ज्ञच नसेल तर कार्ड तपासणार कोण? पण इथे मागणी नव्या योजनेची नाही. पाच लाखांची मर्यादा बहुतेक मुलांना पुरते. ज्येष्ठांच्या तुलनेत मुले रुग्णालयात कमी दाखल होतात, त्यामुळे त्यांच्यावरचा खर्चही मर्यादित राहतो. केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांचे संरक्षण दिले. ज्या घराला आधीच कार्ड होते, तिथल्या ज्येष्ठांना ते कुटुंबाच्या रकमेशिवाय वेगळे मिळाले. वय हा पुरेसा आधार आहे, हे सरकारने त्यातून मान्य केलेच आहे.

मग करायचे काय?

तीन गोष्टी. पहिली, जन्मदाखल्यासोबत बाळाच्या नावाचे कार्ड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत किंवा आरोग्य केंद्रांत होतात. म्हणजे बहुतेक बाळे जन्मतःच सरकारी नोंदीत येऊ शकतात. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने जन्मनोंदींची माहिती शिधापत्रिकेसारख्या इतर नोंदींसाठी वापरण्याची वाटही खुली केली आहे. हे काम तहसीलच्या खिडकीवर ढकलण्याची गरज नाही.

दुसरी, तपासणी आणि विमा यांची सांधेजोड. पथकाने दोष नोंदवला की रुग्णालय, तारीख आणि पूर्वमंजुरी ठरवण्याची जबाबदारी यंत्रणेची असावी, आणि किती दिवसांत ती पार पडली हे जिल्हावार जाहीर व्हावे. तिसरी, दीर्घ आजाराच्या मुलांसाठी ओपीडी, औषधे, वाचा-उपचार आणि प्रवास यांचा पॅकेजमध्ये समावेश. तिन्हींत खरा खर्च तिसऱ्या गोष्टीचाच आहे. पहिल्या दोन्हींना प्रामुख्याने विभागांनी एकमेकांशी बोलणे पुरेल.

तोवर पालकांनी काय करावे?

जन्माची नोंद २१ दिवसांत करून दाखला घ्यावा आणि शाळेची वाट न पाहता शिधापत्रिकेत बाळाचे नाव चढवावे. नाव नसताना बाळ आजारी पडले तर घरी थांबू नये. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला जन्मदाखला आणि पालकांची शिधापत्रिका दाखवावी. फुले योजनेची माहिती १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर, तर आयुष्मान भारतची १४५५५ वर मिळते. अंगणवाडीत तपासणीचे पथक येणार असेल त्या दिवशी मुलाला आवर्जून पाठवावे. पथकाने चिठ्ठी दिली तर ती जपून ठेवावी आणि पुढची तारीख पथकाकडूनच मागून घ्यावी.