बेडकांची फौज नाही, जत्रा म्हणा


सध्या मोबाईलवर एक प्रश्न फिरतोय. बेडकांच्या समूहाला काय म्हणतात? उत्तर काय, तर इंग्रजीत 'आर्मी', म्हणून मराठीत बेडकांची फौज. पोरं पाठ करायला लागली. माझा याला विरोध आहे.

आधी आपल्या व्याकरणाची यादी बघा. गुरांचं खिल्लार, मेंढ्यांचा कळप, उसाची मोळी, मेथीची जुडी, धान्याची रास, पोत्यांची थप्पी. आपण जे पाळतो, बांधतो, विकतो त्याला शब्द आहे. नाहीतर नुकसान करणाऱ्याला आहे, जशी टोळधाड. बेडूक दोन्हीत बसत नाही, म्हणून यादीत नाही. अन् जे यादीत नाही ते कमी झालं तरी कोणी विचारत नाही.

एकदा मात्र त्याचाही हिशोब झाला, तो टनात. आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशात खायला टनावारी जायच्या. १९८७ साली केंद्र सरकारने ती निर्यात बंद केली.

फौज म्हणायचंच तर लष्करी अळीला म्हणा. २०१८ पासून मक्यात ती काय करते ते तुम्हाला सांगायला नको. बेडूक एरवी एकटा राहतो. मोठा पाऊस झाला की एक-दोन रात्री सगळे डबक्यावर जमतात, मोठ्या जातीतले नर पिवळेधमक होतात, ओरडून रान डोक्यावर घेतात, अंडी घातली की जो तो आपापल्या बांधाला. याला आपल्याकडं जत्रा म्हणतात.

शब्दाचा एवढा हट्ट कशाला? फौज म्हटलं की वाटतं, सोडली की काम करील. जत्रेला मैदान लागतं. मैदान गेलं की जत्रा मोडली. शिवारात तेच चाललंय. खोलगट कोपरे सपाट झाले, ओढ्याकाठी तणनाशक पडतं, शेततळ्याच्या प्लास्टिक कागदावरून आत पडलेला बेडूक घसरत राहतो, वर येत नाही.

कोणी म्हणेल, बेडकानं बोंडअळी हटत नाही. खरंय, बोंडात शिरलेली अळी त्याला सापडत नाही. पण नाकतोडे, भुंगेरे, पतंग तो रोज खातो, बिनपैशाचा.

म्हणून सांगतो, पाणी साचणारा एक कोपरा पावसाळ्यात तसाच ठेवा. पिल्लांना पाय फुटून बाहेर पडायला महिना-दीड महिना लागतो. तिथं फवारणीचा पंप धुऊ नका. शेततळ्यात काठावरून एक जाड दोर किंवा पोतं पाण्यापर्यंत सोडा. राहुरीच्या विद्यापीठातल्या मंडळींनी आणि कृषी सहायकांनी शेततळ्याच्या शिफारशीत ही एक ओळ घालावी.

अन् गुरुजींनी यादीत एक शब्द वाढवावा, बेडकांची जत्रा. तुमच्या गावात याहून चांगला शब्द असेल तर खाली लिहा, पण फौज नको.