वाऱ्याचा हिशेब आणि मैदानाचा प्रश्न

‘वारा येईल तशी पाठ द्यावी’ हा आपल्याकडील व्यवहारी शहाणपणाचा जुना सल्ला. उघड्या मैदानावर रायफल घेऊन उभ्या राहणाऱ्या नेमबाजाला मात्र तो पाळण्याची सोय नसते. लक्ष्य जेथे असेल तिकडेच त्याला तोंड करावे लागते, आणि वारा कोठूनही व केव्हाही येतो. अशा वाऱ्याचा हिशेब क्षणाक्षणाला मांडणे ही या विद्येची खरी कसोटी होय. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदकाचा मानकरी ठरला. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळविलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळण्यास तब्बल ७२ वर्षे जावी लागली. साहजिकच सत्कार झाले आणि राज्य शासनाने एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. हे सारे यथोचितच होते. परंतु गुलाल झटकल्यावर एक प्रश्न शिल्लक राहतो : ही विद्या मूल कोठे शिकते आणि तिचा खर्च कोण सोसते?

गोळी आणि वारा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी विद्येचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. ५० मीटरच्या स्पर्धेत पॉइंट टू-टू बोअरची, म्हणजे ५.६ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी वापरतात. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. आजच्या रुपयाच्या नाण्याच्या जवळजवळ निम्मे. गोळी हे अंतर सेकंदाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास कापते. एवढ्या अल्प वेळात वारा काय करणार, असे कोणासही वाटेल. वस्तुतः ताशी सोळा किलोमीटर वेगाचा आडवा वारा, ज्याने झाडाची पाने व बारीक फांद्या सतत हलत राहतात, त्या गोळीला ५० मीटरवर अडीच ते तीन सेंटिमीटर बाजूला नेतो. म्हणजे अचूक नेमाने सुटलेली गोळी दहाऐवजी सातावर जाऊन बसते. गोळीला मिळालेल्या फिरकीमुळे आणखी एक गुंतागुंत होते. नळीतील आटे उजवे असतील, तर उजवीकडून येणारा वारा गोळीला डावीकडे ढकलताना किंचित वर उचलतो आणि डावीकडचा वारा तिला उजवीकडे नेताना किंचित खाली दाबतो.

अंतर वाढले की हा प्रश्न केवळ त्या प्रमाणात वाढत नाही. पन्नासाचे शंभर मीटर झाले, तर या गोळीचे विचलन दुप्पट न होता सुमारे चौपट होते. हवेच्या विरोधामुळे गोळीला जो उशीर होतो, त्या उशिरावर वाऱ्याचा परिणाम अवलंबून असतो. आणि उशीर अंतरागणिक साचत जातो. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाची आठवण व्हावी, असा हा हिशेब आहे. १९७२ पर्यंत ऑलिंपिकमध्ये असलेली ३०० मीटरची स्पर्धा, किंवा इंग्लंडमधील बिस्ले येथे १८९० पासून चालत आलेली हजार यार्डांपर्यंतची नेमबाजी यांत तर वाऱ्याचीच सत्ता चालते. हजार यार्डांवर त्याच वाऱ्याने मोठ्या रायफलची गोळीही सुमारे दोन मीटर बाजूला जाते. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने हा प्रकार भारताच्या भूमीवरही खेळला गेला.

वारा डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या खुणा तेवढ्या दिसतात. म्हणून ५० मीटरच्या मैदानावर १० आणि ३० मीटरवर कापडी निशाणे लावण्याचा नियम आहे. दोन निशाणे पुष्कळदा दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. अशा वेळी नळीजवळच्या निशाणाला सामान्यतः अधिक मान द्यावा लागतो, कारण तेथे मिळालेला धक्का गोळीला उरलेले सगळे अंतर भोवतो. नेमबाजापुढे मग तीन वाटा असतात : दुर्बिणीच्या भिंगाविना असलेल्या त्या नेमयंत्राचे खटके फिरवून बदल करणे, नेम जाणूनबुजून थोडा बाजूला धरणे, अथवा रायफल खाली घेऊन ओळखीचा वारा परत येण्याची वाट पाहणे. तिसरी वाट सर्वांत कठीण. साठ गोळ्यांसाठी दीड तासाची मुदत असते आणि घड्याळ चालूच असते. पॅरिसच्या पात्रता फेरीत स्वप्नीलने गुडघ्यावर बसून १९८, झोपून १९७ आणि उभ्याने १९५ असे ६००पैकी ५९० गुण मिळवून सातव्या क्रमांकाने अंतिम फेरी गाठली. या आकड्यांमागे गोळी मारण्याचे जेवढे निर्णय आहेत, तेवढेच ती न मारण्याचेही असले पाहिजेत.

बंदिस्त दालनाची मर्यादा

हे कौशल्य पुस्तकातून येत नाही आणि चार भिंतींच्या आतही येत नाही. खळ्यावर उफणणी करणारा शेतकरी वाऱ्याचा अंदाज घेऊन पाटी कलती करतो, त्याला तो अंदाज कोणी व्याख्यान देऊन शिकविलेला नसतो. वर्षानुवर्षे वाऱ्यात उभे राहूनच तो आलेला असतो. नेमबाजाचेही तसेच. आज नेमबाजीचा प्रसार झालेला दिसतो तो मुख्यत्वे १० मीटर एअर रायफल व एअर पिस्तुलाचा. त्यास एक लांबट दालन पुरते, स्पर्धेच्या एअर रायफलीला शस्त्रपरवान्याचा जाच नसतो आणि छर्रे स्वस्त पडतात. ५० मीटरच्या मैदानास जमीन लागते, मातीचा बंधारा व सुरक्षेच्या भिंती लागतात, रायफलीस परवाना लागतो आणि काडतुसांचा खर्च थांबत नाही. त्यामुळे खासगी उत्साह दालनापाशी थांबतो. परिणामी शेकडो मुले नेमबाजी शिकतात, परंतु वारा शिकण्याची संधी त्यांतील मोजक्यांनाच मिळते.

कोल्हापूरच्या मातीत ही गुणवत्ता आहे, याला पुरावा शोधण्याची गरज नाही. ८ ऑगस्ट २०१० रोजी म्युनिक येथे तेजस्विनी सावंत हिने ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६००पैकी ५९७ गुण मिळवून तत्कालीन विश्वविक्रमाशी बरोबरी केली आणि नेमबाजीत जगज्जेती ठरणारी ती पहिली भारतीय महिला झाली. २०१८ साली राही सरनोबत हिने आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक पटकाविले. नेमबाजीत असे सुवर्ण मिळविणारीही ती पहिली भारतीय महिला. स्वप्नील तिसरा. तथापि त्याच्या जडणघडणीचा मार्ग लक्षात घेण्याजोगा आहे. शिक्षकाच्या या मुलाला नेमबाजी सापडली ती नाशिकला, राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत. आणि पुढे रेल्वेतील तिकीट तपासनिसाच्या नोकरीने त्याचा संसार व सराव दोन्ही सावरले. याचा अर्थ उघड आहे. सार्वजनिक व्यवस्थेने दोनदा हात दिला म्हणून हे पदक आले. पण त्यासाठी मुलाला घर सोडून शेकडो किलोमीटर दूर जावे लागले. प्रबोधिनीच्या निवडीत जे बसले नाहीत, त्या राधानगरी, भुदरगड, चंदगडच्या मुलांचे काय, याचा हिशेब कोणत्याही सत्कारसभेत मांडला जात नाही.

खर्च कोणी सोसावा?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे दोन प्रकारचे खर्च वेगळे केले पाहिजेत. मैदानाचा खर्च एकदाच होतो. ते एकदा उभे राहिले की दहा मुलांऐवजी शंभर मुले आली, तरी वाढणारा खर्च अल्प असतो. असा खर्च एका कुटुंबाने करणे अशक्य आणि समाजाने करणे स्वाभाविक. काडतुसांचा खर्च मात्र प्रत्येक मुलामागे, प्रत्येक दिवशी होतो. एका काडतुसास केवळ २० रुपये धरले आणि दिवसाला १०० गोळ्यांचा सराव धरला, तरी महिन्याच्या २५ दिवसांत ५० हजार रुपये होतात. कोणत्या लिपिकाच्या वा शिक्षकाच्या घरात ही रक्कम बसेल? उत्तम प्रतीची काडतुसे बहुधा परदेशांतून येतात, त्यामुळे परकीय चलनाचा दर आणि पुरवठ्यातील खंड यांचाही भार अखेर पालकांवर पडतो.

पारितोषिक या दोन्ही खर्चांच्या उपयोगी पडत नाही. ते यशानंतर येते. मैदान व काडतुसे यशापूर्वी लागतात. पदकविजेत्याला दिलेला पैसा वाया जातो असे कोणी म्हणणार नाही. त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे पणाला लावलेली असतात. पण पीक आल्यावर दिलेल्या बक्षिसाने पेरणीच्या वेळी बियाणे मिळत नाही, हे शेतीप्रधान जिल्ह्यास समजावून सांगावयास नको.

२०१९ व २०२१च्या महापुरांनी पोळलेल्या जिल्ह्यात बंदुकीच्या खेळावर पैसा कशासाठी, असा आक्षेप येऊ शकतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरे, रस्ते, शाळा यांचा अग्रक्रम मान्यच केला पाहिजे. म्हणूनच प्रत्येक तालुक्यात भव्य संकुलाची मागणी येथे अप्रस्तुत ठरते. मागणी माफक असावी. प्रत्येक महसुली विभागात ५० मीटरचे किमान एक उघडे, सुरक्षित आणि बारमाही चालणारे मैदान असावे. तेथे प्रशिक्षक नेमलेला असावा. काडतुसांची एकत्रित खरेदी करून ती गुणवान मुलांना सवलतीत द्यावीत. आणि महाविद्यालयांतील राष्ट्रीय छात्रसेनेच्या ज्या मुलामुलींनी पॉइंट टू-टू रायफल एकदा हाती घेतली आहे, त्यांतील होतकरूंना तेथे नियमित प्रवेश मिळावा. शस्त्राची भीती वाटणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, परवाना, कुलूप, शिस्त आणि पंचाचा शब्द यांच्या चौकटीत चालणारा हा खेळ तरुणाला आधी संयम शिकवितो. खात्री नसताना चाप न ओढणे हे त्याचे पहिले पाठांतर.

कोल्हापूरला या बाबतीत बाहेरचा दाखला शोधण्याचे कारण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला तो केवळ विजेत्याच्या डोक्यावर फेटा बांधून नव्हे. १९१२ साली पूर्ण झालेले खासबागचे मैदान त्यांनी उभारले, तालमींना आधार दिला आणि मल्लांच्या खुराकाची तजवीज केली. पुढच्या पिढ्यांचे मल्ल त्यातून घडले. खाशाबा हेलसिंकीला जाऊ शकले, ते राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले म्हणून, ही हकीकतही या शहरात अभिमानाने सांगितली जाते. ती अभिमानाची आहे, तितकीच लाजेचीही आहे. कारण जे समाजाचे कर्तव्य होते, ते एका शिक्षकाच्या घरावर पडले. ७२ वर्षांनंतरही पदक एखाद्या कुटुंबाच्या सोसण्यावर व एखाद्या संस्थेच्या निवडीवर अवलंबून असेल, तर पुढच्या पदकासाठी आणखी किती वर्षे मोजावी लागतील, हे सांगता येणार नाही. वारा कोणाच्या हाती नसतो. त्यात उभे राहण्यासाठी मैदान देणे मात्र शासनाच्या आणि समाजाच्या हाती आहे.