शाळा बदलताना काय टिकवायचे?



नवे शैक्षणिक वर्ष जवळ आले की समाजाच्या शिक्षणसंस्थांमध्ये बैठकांना जोर येतो. कोणी सांगतो, मराठी माध्यमाचा पट घसरतो आहे, सेमी-इंग्रजीचे वर्ग काढा. कोणी म्हणतो, शेजारच्या शाळेने सीबीएसईची मान्यता आणली, आपण मागे का? कोणी वर्गावर्गांत डिजिटल फळे बसवण्याचा खर्च उचलायला तयार असतो. ठराव मांडला जातो, अनुमोदन मिळते, इतिवृत्तात नोंद होते आणि बदल झाला असे समजून आपण घरी परततो. वस्तुतः त्या क्षणी बदलाला आरंभही झालेला नसतो.

नाशिक, मालेगाव, येवला, मनमाड, लासलगाव या पट्ट्यात शाळांच्या विश्वस्त मंडळांवर व्यापारी घरांतील मंडळी आहेत. ती वेळ देतात, पैसा देतात. व्यापारात त्वरित निर्णय हा गुण असतो. लासलगावच्या बाजारात सकाळी कांद्याचा भाव उतरला, तर दुपारपर्यंत काय करायचे ते ठरवावे लागते. निर्णय चुकला तर तोटा आपल्याच वहीत पडतो. शाळेचा हिशेब मात्र निराळा आहे. तिथे निर्णय विश्वस्तांचा असतो, आणि तो चुकला तर त्याची किंमत पंचेचाळीस वर्षांचा शिक्षक आणि पाचवीतले मूल मोजते. म्हणून पेढीवर शोभणारी निर्णयाची पद्धत शाळेत जशीच्या तशी नेता येत नाही.

मग नेतृत्व कसे करावे? याचे एक उत्तर आपल्या तत्त्वज्ञानातच आहे. प्रत्येक सत्पदार्थ उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या तिन्हींनी युक्त असतो, असे जैन दर्शन सांगते. काही नवे उपजते, काही जुने नाहीसे होते आणि काही टिकून राहते. हे तिन्ही एकाच वेळी घडते. आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त यासाठी दिलेला दृष्टान्त सराफी पेढीवरच्या माणसाला सहज पटेल. सोन्याचा घट मोडून त्याचा मुकुट घडवला जातो. ज्याला घट हवा होता तो शोक करतो, ज्याला मुकुट हवा होता तो हर्षित होतो आणि ज्याला केवळ सोने हवे होते त्याचे मन स्थिर राहते. घटना एकच आहे, भाव तीन आहेत आणि तिन्ही सकारण आहेत.

शाळेत बदल होतो तेव्हा हेच दृश्य दिसते. सेमी-इंग्रजीचा ठराव घ्या. विश्वस्तांना आणि पुष्कळशा पालकांना मुकुट दिसत असतो. पण ज्या शिक्षकाने वीस वर्षे मराठीतून गणित शिकवले, त्याच्या दृष्टीने घट मोडलेला असतो. ज्या विषयात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्याच विषयात त्याला शब्द शोधावे लागतात. घरी मुलाची उजळणी घेणाऱ्या आईच्या हातून पाठ्यपुस्तक निसटते. वर्गात सतत हात वर करणारे मूल, प्रश्न कोणत्या भाषेत विचारावा हे न कळून गप्प बसते. या सर्वांना ‘बदलाचे विरोधक’ ठरवणे सोपे आहे. परंतु त्यांचे नुकसान खरे आहे, आणि खऱ्या नुकसानीचे नाव न घेता पुढे जाणाऱ्या नेत्यामागे माणसे मनापासून येत नाहीत.

म्हणून बदल घडवू पाहणाऱ्याने प्रथम तीन गोष्टी स्पष्ट बोलाव्यात: नवे काय येणार, जुने काय जाणार आणि काय अढळ राहणार. आपल्या बैठकांत पहिल्या गोष्टीवर तासभर चर्चा होते. उरलेल्या दोन बहुधा निघतच नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहू. मुंबई-आग्रा महामार्गावरील चांदवड येथे १९२८ साली केशवलालजी हरकचंदजी आबड, म्हणजे सर्वांचे पूज्य काकाजी, यांनी श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली. नावातच तिचे मूळ रूप आहे: मुलांचे गुरुकुल, व्रतस्थ जीवन, धर्मसंस्कारांसह विद्या. आज त्याच संस्थेच्या छत्राखाली अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये चालतात, मुली तिथे शिकतात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाला कै. सौ. कांताबाई भवरलालजी जैन यांचे नाव आहे. ब्रह्मचर्याश्रम या नावाखाली स्त्रीच्या नावाचे तंत्रमहाविद्यालय उभे राहते, यात कोणाला विसंगती वाटेल. पण घट मोडला आणि सोने राहिले, याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधायला दूर जाण्याची गरज नाही. संस्थेने जुने नाव पुसले नाही आणि जुन्या नावात स्वतःला कोंडूनही घेतले नाही.

सोने कोणते आणि घट कोणता, हे ओळखण्याची दृष्टी ज्यांच्यापाशी विलक्षण होती असे एक नाव म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोल्हापुरात शिकताना ते समाजाच्या वसतिगृहात राहत. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. यासाठी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. समाजाच्या मासिकात ही गोष्ट टाळू नये. त्या काळच्या चालकांनी घटालाच सोने मानले होते, हे तिच्यातून कळते.

पुढे भाऊराव काही काळ किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे फिरते विक्रेते होते. व्यापारी वाचकांनी या तपशिलापाशी थोडे थांबावे. त्या काळी लोखंडी फाळाने जमीन नासते असा समज शेतकऱ्यांत होता. अशा गिऱ्हाइकापुढे भाषण निरुपयोगी असते. नांगर शेतात उतरवून दाखवावा लागतो आणि त्याआधी त्याच्या भीतीचे कारण ऐकून घ्यावे लागते. ज्या माणसाला बहुजनांच्या घराघरांत शिक्षण पोहोचवायचे होते, त्याच्यासाठी याहून चांगली उमेदवारी कोणती असणार?

१९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास हलवली. तिथल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मूल शाळेत गेले की शेतकऱ्याच्या घरातला कामाचा एक हात कमी होतो, हा त्या बदलातला व्यय होता. मुले आपली कामे आपण करीत, श्रमाने शिक्षणाचा भार हलका करीत. ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत त्यातूनच बहरली. शिकलेल्या मुलाचा श्रमाशी संबंध तुटणार नाही, ही जणू पालकांना दिलेली ध्रौव्याची हमी होती.

आणि व्ययातला मोठा वाटा त्यांनी स्वतःच्या घरावर घेतला. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही. इतरांकडून त्याग मागण्याचा अधिकार अशाने मिळतो.

कामाचा क्रमही ध्यानात घ्यावा. १९३५ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात शिक्षक घडवणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. खेडोपाडी व्हॉलंटरी शाळांचे जाळे १९३८ पासून पसरू लागले. आधी शिक्षक, मग शाळा. आपण पुष्कळदा उलट करतो. आधी इमारत, मग फलक, मग प्रवेश आणि शेवटी शिक्षकांना दोन दिवसांचे प्रशिक्षण. याचे एक कारण आपल्या दानाच्या रीतीत आहे. खोलीवर दात्याचे नाव कोरता येते. प्रशिक्षणाला कोनशिला बसवता येत नाही.

नेतृत्वाच्या शैलींचा शास्त्रीय विचार पश्चिमेत झाला, त्यातला एक प्रयोग इथे उपयोगी पडेल. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांचे गट केले; त्याचा वृत्तान्त १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना मुखवटे बनवण्यासारखी कामे दिली. एका पद्धतीत प्रौढ नेता प्रत्येक गोष्ट हुकमाने ठरवी, दुसरीत मुलांशी विचारविनिमय करून काम चाले, तिसरीत तो अलिप्त राही. हुकमाच्या गटात काम होई, पण नेता खोलीबाहेर गेला की ते मंदावे. विचारविनिमयाच्या गटात तो नसतानाही काम चालू राही. अलिप्त नेत्याच्या गटात कामही कमी आणि गोंधळही.

शेठजी गादीवर असेपर्यंतच दुकान नीट चालते, असे दुकान आपण सर्वांनी पाहिले आहे. शाळेत तर विश्वस्त महिन्यातून एखादे वेळी येतात. वर्गाचे दार लागले की आत फक्त शिक्षक आणि मुले असतात. तिथे हुकूम पोहोचत नाही. पोहोचतो तो शिक्षकाच्या मनात रुजलेला विश्वास. राज्याच्या पातळीवरही हा अनुभव ताजा आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा शासननिर्णय निघाला आणि लोकांचा कौल पाहून जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. भाषाधोरणाविषयी मते भिन्न असतील, पण चर्चा आधी की आदेश आधी, हा प्रश्न सर्वांसाठी सारखाच आहे.

हुकूम वाईट म्हणून सदैव मतदान घ्यावे, असे मात्र नाही. जिन्याचा कठडा तुटला असेल, मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न असेल, पैशाचा गैरव्यवहार दिसला असेल, तिथे तात्काळ आदेशच हवा. अनेकान्ताचा अर्थ निर्णय न घेणे असा नव्हे; प्रत्येकाच्या मतातला सत्यांश ऐकून मग निर्णय घेणे, असा आहे.

आता थोडे व्यवहाराचे. शिक्षकांच्या विरोधामागे पुष्कळदा एक न बोललेली भीती असते. अनुदानित शाळेत सप्टेंबरअखेरच्या पटावर संचमान्यता ठरते. पट घटला तर पद कमी होते, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचे समायोजन दुसरीकडे, कधी घरापासून लांब होते. नवा वर्ग काढताना जुन्या वर्गाचा पट फुटणार असेल, तर शिक्षक पहिला प्रश्न मनात हाच विचारणार. विश्वस्तांनी तो स्वतःहून मांडावा आणि आपल्या हातात आहे तेवढी हमी लेखी द्यावी. जे आपल्या हातात नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

बदल खालच्या वर्गापासून वर न्यावा. पहिलीत सुरू झालेली रीत मुलांबरोबर वर चढू द्यावी. सातवीच्या मुलाची भाषा मध्येच बदलू नये. बदलाच्या आधीचे एक वर्ष शिक्षकांच्या तयारीसाठी राखावे आणि देणगीचा काही भाग त्यावर खर्चावा. ठरावापूर्वी प्रत्येक विश्वस्ताने एक पूर्ण दिवस मागच्या बाकावर, काहीही न बोलता बसावे. इतिवृत्तात न दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी तिथे दिसतात.

मुख्याध्यापकाविषयीही स्वतंत्रपणे सांगायला हवे. खासगी शाळांत हे पद सामान्यतः सेवाज्येष्ठतेने मिळते. अल्पसंख्याक संस्थांना मात्र आपला मुख्याध्यापक निवडण्याचे स्वातंत्र्य न्यायालयांनी मान्य केले आहे. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले, त्यामुळे हे स्वातंत्र्य आपल्या संस्थांच्याही दाराशी आले आहे. ते वापरायचे तर नातेसंबंधांसाठी वापरू नये. ज्येष्ठाला डावलले तर त्याचे कारण शिक्षकवर्गाला पटणारे असावे. निवड झाल्यावर त्या व्यक्तीला मुनीम समजू नये. विश्वस्त थेट शिक्षकाला फोन करून सूचना देऊ लागले की मुख्याध्यापकाचा शब्द त्याच दिवशी हलका होतो आणि पुढचा कोणताही बदल त्याच्याकडून घडत नाही.

शेवटी, वर्षअखेरीस दुकानाचा ताळेबंद आपण न चुकता मांडतो. शाळेतील बदलाचाही मांडावा. पट किती वाढला एवढ्यावर तो थांबू नये. किती मुले प्रश्न विचारू लागली, किती गप्प झाली, कोणता शिक्षक फुलला, कोणता खचला, हेही त्यात यावे. चूक आढळली तर ती मान्य करून पाऊल मागे घेण्याची रीत आपल्याला परकी नाही; प्रतिक्रमण आपण घरी करतोच. संस्थेच्या बैठकीतही त्याला जागा असली, तर बदलाला भिणारी माणसे हळूहळू बदलाच्या बाजूने उभी राहतील. आपली चूक ऐकून घेतली जाते, हे त्यांनी पाहिलेले असेल.