यजमानाने थोडके जेवावे



ठिकठिकाणच्या बुद्धविहारांतून आता अभ्यासिका चालतात. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी एखादा संगणकही येऊन बसतो. कधी तो कार्यालयातून निकालात निघालेला असतो, कधी नोकरदार बांधवांनी वर्गणी काढून आणलेला असतो. पुढे त्यावर अर्ज टाइप होतात, जयंतीची पत्रिका निघते आणि उरलेले दिवस तो कापडाखाली झाकलेला राहतो. त्याच वस्तीतली डिप्लोमा झालेली मुलगी मात्र सर्व्हर सांभाळण्याचे काम शिकायचे म्हणून क्लासची फी विचारते आणि आकडा ऐकून घरी परतते. ह्या दोन गोष्टी एकत्र आणता येतील काय, हा आजचा आमचा विषय आहे.

येतील. कारण एका संगणकात चार-पाच संगणक वसविता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एकाच खोलीत पार्टिशन घालून चार बिऱ्हाडे राहावीत, तसे एकाच यंत्राची मेमरी आणि डिस्क वाटून घेऊन हे आभासी संगणक चालतात. प्रत्येकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, वेगळी. एखाद्या मुलाने शिकता शिकता आपले बिऱ्हाड मोडून टाकले, तरी शेजाऱ्याला धक्का लागत नाही. ते पुसून नवे उभारायला थोडाच वेळ लागतो. न घाबरता मोडण्याची आणि पुन्हा मांडण्याची ही सोय म्हणजेच शिक्षण.

ही युक्ती नवी नव्हे. आयबीएमने १९६० च्या दशकातच आपल्या अजस्र संगणकांवर ती चालविली आणि १९७२ साली बाजारात आणली. तेव्हा ती बड्या संस्थांच्या थंडगार खोल्यांत बंद होती. इंटेलने २००५ साली आणि एएमडीने २००६ साली साध्या प्रोसेसरमध्ये तिची तजवीज केली. २००७ साली केव्हीएम नावाची सोय लिनक्सच्या गाभ्यातच दाखल झाली, तीही फुकट. बड्यांच्या कोठडीतले ज्ञान असे आपल्या दारापर्यंत आलेले आहे. ते घरात घ्यायचे की नाही, हे आपण ठरवायचे.

आता हिशेब मांडू. यंत्रावर जी मूळ कार्यप्रणाली बसते तिला यजमान समजा. आतली आभासी यंत्रे म्हणजे पाहुणे. समजा, मेमरी ८ जीबी आहे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, असे तिचे कर्तेच सांगतात. यजमानानेच पंगतीतले अर्धे वाढून घेतले, तर पाहुण्यांनी काय खावे? उलट डेबियन लिनक्स डेस्कटॉपशिवाय बसविले, तर यजमानासाठी १ जीबी धरून चालते. उरलेल्या ७ जीबीत एकेक जीबीचे पाच पाहुणे बसतात आणि थोडी शिल्लकही राहते. संस्थेचा सगळा निधी आस्थापना खर्चातच गेला, तर सभासदांच्या पदरात काही पडत नाही. तोच न्याय येथे लागू आहे.

पर्याय कोणते? विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स बसविणे सर्वांत सोपे. परंतु विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ पुष्कळशा जुन्या यंत्रांना पात्रच मानत नाही.

दुसरा पर्याय व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयचा. तो हलका आणि नावाजलेला आहे. परंतु ब्रॉडकॉमने ती कंपनी २०२३ अखेर घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकट आवृत्ती बंद केली आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा दिली. देणाऱ्याने दिले, काढून घेतले, पुन्हा दिले. अशा मेहेरबानीवर अभ्यासिका उभी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिवाय साध्या यंत्रांतली सर्वच नेटवर्क कार्डे तो ओळखत नाही.

तिसरा पर्याय प्रॉक्समॉक्सचा. तो डेबियनवरच उभा आहे आणि सगळा कारभार ब्राउझरमधून करता येतो. मात्र स्वतःसाठी किमान २ जीबी मागतो. यंत्रात १६ जीबी असेल तर खुशाल घ्यावा.

चौथा अल्पाइन लिनक्सचा. तो इतका सडपातळ की पाहून नवल वाटावे. परंतु त्याची घडण इतर लिनक्सहून थोडी वेगळी असल्याने नवशिक्या अडखळतो.

म्हणून ८ जीबीच्या जुन्या यंत्रासाठी आमची पसंती साध्या डेबियनला. सर्वांत हलके तेच सर्वांत चांगले, असे नव्हे. जो यजमान थोडके खातो आणि ज्याची निगा दुसऱ्या कुणालाही राखता येते, तो चांगला. डेबियन १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक चालवीत आहेत. प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. बसविताना भाषांच्या यादीत मराठीही दिसते.

करायचे कसे? प्रथम यंत्र ६४ बिटचे आहे ना, ते पाहा. मग बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू करा. पुष्कळदा ती बंद ठेवलेली असते. डेबियन बसविताना सॉफ्टवेअर निवडीच्या पानावर डेस्कटॉपची खूण काढा, एसएसएच सर्व्हरची ठेवा. नंतर केव्हीएम आणि लिबव्हर्ट घाला. पाहुण्यांची देखरेख शेजारच्या लिनक्स संगणकावरून व्हर्ट-मॅनेजरने करता येते. वर्गणीत पैसे उरले, तर आधी एसएसडी घ्या. पाच पाहुणे एकाच वेळी जुन्या हार्ड डिस्कवर धावू लागले की ती धापा टाकते.

आणखी दोन सूचना. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली की तिच्यावरचा स्नॅपशॉटही जातो. म्हणून दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर प्रत काढावी. दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची. यजमानाचा मुख्य पासवर्ड एकाच हुशार मुलाजवळ ठेवू नका. तो नोकरीला पुण्याला गेला की यंत्र पुन्हा कापडाखाली जाते. दोघांना, त्यांतील एका मुलीला, सगळे काम यायलाच हवे. काय बसविले, केव्हा, कुणी, ह्याची नोंद वहीत करावी आणि पासवर्ड बंद लिफाफ्यात समितीकडे ठेवावा.

वर्षावासात विहारात माणसे जमतात. त्या काळात एखाद्या रविवारी दुपारी हे यंत्र उघडा. पाच मुलांना पाच आभासी संगणक द्या आणि सांगा की हे तुमचे, मोडले तरी चालेल. आपल्या मागच्या पिढ्यांना असे कुणी म्हटले नव्हते.