अम्मीला ‘अब्बी’ म्हणणारा मुलगा

चार वर्षांपूर्वी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. नमाजला तो ‘दबाज’ म्हणायचा आणि अम्मीला ‘अब्बी’. वर्ग हसायचा. खरं सांगायचं तर एकदोनदा मलाही हसू आवरलं नाही. तिसऱ्या तासाला तो बाकावर मान टाकायचा, तोंड कायम उघडं. नोंदवहीत मी त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘सुस्त आहे, लक्ष देत नाही.’ अक्षर माझंच आहे, म्हणून हे लिहायला बसले.

म आणि न हे वर्ण नाकातून हवा गेल्याशिवाय उमटत नाहीत. नाक मागून बंद असेल तर म चा ब होतो आणि न चा द. अनुनासिक व्यंजनं मी बी.एड.च्या आधीपासून शिकत आणि मग शिकवत आले. पण समोरचं मूल ती का उच्चारू शकत नाही, हा प्रश्न मला पडला नाही. तो पडला मकतबमधल्या हाफिजसाहेबांना. कुराणपठणात न आणि म चा नाकातला नाद ठरावीक वेळ धरावा लागतो, त्याला गुन्ना म्हणतात. त्यांनी आईला सांगितलं, “याचा गुन्ना निघतच नाही, नाक दाखवून घ्या.” आईला वाटलं, सर्दी आहे. आपल्या कोकणात जून ते सप्टेंबर कुठल्या मुलाचं नाक वाहत नाही?

पालकसभेला ती आली तेव्हा मी तक्रारीच्या सुरातच म्हटलं की रात्री याला लवकर झोपवत जा. ती म्हणाली, “टीचर, नवाला झोपतो हा. आणि घोरतो कसा म्हणाल, लाँचचं इंजिन लागल्यासारखा! बापावर गेलाय.” बाप मासेमारीच्या लाँचवर, महिन्यातले बरेच दिवस समुद्रात. आणखी विचारलं तेव्हा कळलं की झोपेत घामाने उशी भिजते, मान मागे टाकून झोपतो, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो आणि मग एकदम दचकून हवा ओढतो. आठ वर्षांचा असूनही अंथरूण ओलं करतो आणि त्यासाठी मारही खातो. नजर लागली म्हणून ताविजही बांधून झाला होता.

घोरणं म्हणजे गाढ झोप, ही आपल्या घरांतली जुनी समजूत. मुलांच्या बाबतीत ती बऱ्याचदा उलटी असते. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर ॲडेनॉइड नावाची मऊ गाठ असते. साधारण तीन ते सात या वयात ती सर्वांत मोठी असते आणि पौगंडावस्थेपर्यंत आक्रसते. ती फार वाढली, सोबत टॉन्सिलही मोठे असले, तर झोपेत स्नायू सैल पडल्यावर श्वासाची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू मुलाला अर्धवट जागं करतो, श्वास सुरू होतो आणि पुन्हा तेच. मूल अंथरुणात नऊ तास असतं, पण झोप झालेली नसते. मोठा माणूस अशा रात्रीनंतर पेंगतो. मूल पेंगतंही, पण अनेकदा उलट चिडतं, धावतं, हाणामारी करतं, आणि आम्ही शिक्षक त्याला ‘मस्तीखोर’ या दुसऱ्या रकान्यात टाकतो.

हे काही आजचं ज्ञान नाही. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी 1868 मध्ये या गाठींचं वर्णन केलं. 1889 मध्ये विल्यम हिल या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुलांच्या ‘मागासपणा आणि मठ्ठपणा’च्या कारणांवर लेख लिहिला आणि बोट नाकाच्या मागच्या भागाकडे दाखवलं. 1998 मध्ये अमेरिकेत डेव्हिड गोझाल यांनी पहिलीतल्या, अभ्यासात सर्वांत मागे असलेल्या 297 मुलांची तपासणी केली. त्यांतल्या 54 जणांना झोपेत श्वासाचा त्रास निघाला. ज्या 24 जणांच्या पालकांनी शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांचे गुण पुढच्या वर्षी सुधारले, बाकीच्यांचे नाही. शेवटच्या बाकावरची मुलं म्हणजे कोण, हा प्रश्न तेव्हापासून तरी शाळांना पडायला हवा होता.

नाकाच्या या गाठीचा शेजार कानाशी. कान आणि नाकाची मागची बाजू जोडणारी एक नळी असते. तिचं तोंड दाबलं गेलं की पडद्यामागे चिकट पाणी साठतं. कान दुखत नाही, वाहत नाही, फक्त आवाज कमी येतो, कानात बोटं घालून ऐकल्यासारखा. इमला घालताना हे पकडता येतं, असं मला आता वाटतं. उर्दूत से, सीन, स्वाद यांचा उच्चार एकच, त्यामुळे तिथली चूक ही लिपीची चूक. पण मूल ‘शाम’चं ‘साम’ आणि ‘फल’चं ‘पल’ लिहीत असेल, तेही पाठमोरी उभी राहून सांगितल्यावर जास्त, तर चूक वहीत नाही, कानात असू शकते.

अशा मुलाला कागदोपत्री जागा नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘ऐकू कमी येणे’ म्हणजे दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलची घट. साठलेल्या पाण्याने साधारण 20 ते 30 डेसिबल जातात. ते मूल दिव्यांग नाही आणि नीट ऐकणारंही नाही. त्याची नोंद होते ती ‘लक्ष देत नाही’ या शब्दांत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. कार्यक्रम चांगला आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा डॉक्टरांचं पथक येतं, त्यात कान आणि श्रवणही तपासायचे असतात. पण बॅटरी लावून घसा बघितला जातो तो दिवसाढवळ्या, जाग्या मुलाचा. रोग रात्री दोन वाजता दिसतो. रात्र आईला माहीत, दिवस शिक्षिकेला, आणि पथकाला या दोघींतलं कोणी भेटतच नाही. माझी मागणी साधी आहे. पथक येण्याच्या आठवडाभर आधी घरी एक चिठ्ठी जावी: मूल रोज घोरतं का, श्वास अडकतो का, तोंडाने श्वास घेतं का? आणि वर्गशिक्षिकेलाही विचारावं, कोण झोपतं, कोणाला दोनदा सांगावं लागतं? याला नवा निधी लागत नाही.

घरच्यांना एवढंच सांगते की मोबाइलवर झोपलेल्या मुलाचं दोन मिनिटांचं चित्रण करा, छाती आणि तोंड दिसेल असं, आवाजासकट, आणि ते कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. रात्रभर तारा लावून करायची झोपेची तपासणी उत्तम, पण ती प्रत्येकाच्या आवाक्यात नसते. बहुतेक वेळा लक्षणं, तपासणी आणि मानेचा बाजूने काढलेला एक्स-रे यांवर डॉक्टर पुढचं ठरवतात. आता रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियाही आहेत. आपल्याला हवी ती कुठे होते, हे आरोग्यमित्राला विचारावं. आणि कृपा करून कानात लसणीचं गरम तेल घालू नका. पडदा फाटलेला असेल तर ते थेट आत जातं.

प्रत्येक घोरणाऱ्या मुलाला टेबलावर झोपवा, असं मी म्हणत नाही. त्रास सौम्य असेल तर नाकातला फवारा पुरतो, कानातलं पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरूही शकतं, आणि चुलीचा, विडीचा, मच्छर अगरबत्तीचा धूर बंद करणं हाही उपचारच आहे. 2013 मध्ये 464 मुलांवरचा एक मोठा अभ्यास आला. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांची झोप आणि वागणूक स्पष्ट सुधारली, पण एकाग्रतेच्या चाचण्यांत न झालेल्यांपेक्षा फारसा फरक नव्हता. म्हणून ‘गाठ काढा, पहिला नंबर येईल’ असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मूल रात्री नीट श्वास घेईल, हे कारण पुरेसं आहे.

त्या मुलाची गाठ आणि टॉन्सिल काढले. आजी आडवी आली होती, आवाज जाईल म्हणून. पंधरा दिवस मऊ भात आणि सार यांवर काढले. महिन्याभराने तो शाळेच्या गेटवर मोठ्याने ‘सलाम, मॅडम’ म्हणाला, तिन्ही म स्वच्छ. आता सातवीत आहे. हुशार म्हणता येणार नाही, पण जागा असतो. इमल्यात स्वादच्या जागी सीन अजून लिहितो, आणि त्याचे गुण मी कापते.