शक्तीच्या गोळीचाही हिशेब हवा

‘डॉक्टर, पायांना मुंग्या येतात, शक्तीची एखादी गोळी लिहून द्या.’ मध्यंतरी सत्तरीच्या एका गृहस्थांनी अशी विनंती केली. त्यांची साखर आणि बी-१२ तपासले. दोन्ही ठीक होते. तेव्हा घरातील सर्व गोळ्या घेऊन यायला सांगितले. पिशवीतून तीन पट्ट्या निघाल्या. एक दुसऱ्या डॉक्टरांची, एक स्वतःच दुकानातून आणलेली आणि एक मीच दोन वर्षांपूर्वी महिनाभरासाठी दिलेली. नावे निरनिराळी, पण तिन्हींत पायरिडॉक्सिन, म्हणजेच बी-६ जीवनसत्त्व होते.

वाचकहो, हे जीवनसत्त्व शरीराला आवश्यकच आहे. मेंदूतील संदेशवाहक रसायने आणि रक्तातील हिमोग्लोबिन तयार होण्यास ते लागते. परंतु रोजची गरज जेमतेम दीड-दोन मिलिग्रॅमची. केळी, हरभरे, बटाटे, मासे यांतून ती बहुधा भागते.

‘ब जीवनसत्त्वे जास्त झाली तरी लघवीवाटे निघून जातात’ हा समज बी-६ च्या बाबतीत धोक्याचा ठरतो. गोळीनंतर लघवी पिवळीधमक होते, ती बी-२ मुळे. बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास स्पर्श जाणणाऱ्या नसांनाच इजा पोहोचते. तळवे बधिर होतात, मुंग्या येतात, अंधारात तोल जातो. ज्या तक्रारीसाठी गोळी घ्यावी, तीच गोळीमुळे उद्भवते! अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा १०० मिलिग्रॅम मानली जाते; युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅम ठरवली.

म्हणून घरातील ज्येष्ठांच्या सर्व पट्ट्या एकत्र मांडा. ‘पायरिडॉक्सिन’पुढील आकड्यांची दिवसाची बेरीज करा आणि ती डॉक्टरांना दाखवा. क्षयरोगाच्या उपचारात आयसोनियाझिडसोबत बी-६ मुद्दाम दिले जाते, कारण त्या औषधाने ते शरीरात कमी पडते. अशी गोळी मनानेच बंद करू नये.

त्या गृहस्थांच्या तिन्ही गोळ्या थांबवल्या. काही महिन्यांत मुंग्या पुष्कळ ओसरल्या. तळव्यांचा बधिरपणा मात्र थोडा राहिलाच आहे. तेव्हापासून चिठ्ठीवर गोळीच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत मी ‘किती दिवस’ हेही लिहितो. आपल्या चिठ्ठीवर ते नसेल, तर निःसंकोच विचारा.